चाळिशीनंतर घरच्या घरी पिलाटेस

उताणं पडून व्यायाम करताना स्वतःचं शरीर स्वतःला दिसत नाही. घरी पिलाटेस, म्हणजे श्वासाच्या लयीत सावकाश आणि ताब्यात ठेवून करायच्या हालचालींचा व्यायाम, शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे. समोर शिक्षक असला की तो कमरेखाली हात सरकवून पोकळी किती आहे ते पाहतो, बरगड्यांवर दोन बोटं टेकवतो, वर गेलेली हनुवटी खाली आणतो. घरी हे काम जमीन, भिंत, टॉवेल आणि आपलीच बोटं यांच्याकडून करून घ्यावं लागतं. माझ्या अनुभवात पहिले दोन-तीन महिने मुख्यतः यातच जातात, आणि ते जायला हवेत. व्यायामप्रकार किती येतात हा प्रश्न त्यानंतरचा.

जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) यांनी आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हटलं होतं आणि १९४५ साली चटईवरचे ३४ व्यायाम ठरावीक क्रमाने प्रसिद्ध केले. त्या क्रमात पहिलाच येतो ‘हंड्रेड’. डोकं आणि खांदे उचललेले, पाय हवेत सरळ, पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असे दहा वेळा मिळून शंभर. नवशिक्यांसाठी म्हणून असलेले पुष्कळ व्हिडिओही इथूनच सुरू होतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी ही सुरुवात योग्य नाही. बसून बसून कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारे स्नायू आखडलेले असतात. पाय हवेत धरले की तेच स्नायू कंबर जमिनीवरून वर ओढतात. पाठीचा वरचा भाग पुढे वाकलेला असतो, त्यामुळे डोकं उचलायचं काम मान एकटी करते. शंभर मोजून होतात, पोटाला फारसं काम मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी मान धरते.

चटई पसरण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून उठण्याचे, पाठीवर लोळण्याचे आणि जोर लावून कंबर पिळण्याचे प्रकार वर्ज्य आहेत, कारण पुढे वाकलेल्या मणक्यावर भार आला की ठिसूळ मणका दबून मोडू शकतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं वेगाने झिजतात. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हाडांची घनता एकदा तपासून घेतलेली बरी. काचबिंदू असेल तर डोकं हृदयापेक्षा खाली जाणारे प्रकार नकोत. रक्तदाब जास्त असेल तर श्वास कोंडून धरायचा नाही. हर्निया, मणक्यांमधल्या चकतीचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, कमरेतून पायात उतरणारी कळ यांपैकी काही असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

सामान फार लागत नाही. चटई मात्र १० ते १५ मिलिमीटर जाडीची हवी. योगासनांची नेहमीची ४ ते ६ मिलिमीटरची चटई उभ्या आसनांसाठी चांगली; पाठीवर पडून मणके एकेक टेकवत खाली येताना मात्र हाडं जमिनीला टोचतात आणि माणूस नकळत कंबर उचलून धरतो. तीच वापरायची असेल तर खाली जाड घोंगडी घाला. गादीवर किंवा पलंगावर करू नका, कारण शरीर रुततं आणि कंबर नेमकी कुठे आहे ते कळत नाही. याशिवाय दोन टॉवेल, एक घट्ट उशी आणि मोकळ्या भिंतीला लागून अंगाच्या लांबीएवढी जागा. रबरी पट्टा नंतर लागेल. मोजे काढून ठेवा. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या.

व्हिडिओ बघत बघत व्यायाम करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. उताणं पडून पडद्याकडे मान वळवली की मान, खांदा आणि त्या बाजूच्या बरगड्या सगळंच फिरतं. आधी व्हिडिओ बसून पूर्ण पाहा, मग बंद करून आठवेल तेवढं करा. फोनचा चांगला उपयोग वेगळाच आहे. तो चटईच्या बाजूला, जमिनीच्या पातळीवर उभा ठेवून स्वतःचं दोन मिनिटांचं चित्रण करायचं. कमरेखालची पोकळी पाय उचलताना वाढते का, हे त्यात स्पष्ट दिसतं. आठवड्यातून एकदा एवढं पुरे.

आता पडायचं कसं ते. गुडघे उभे, पावलं खुब्यांच्या रुंदीइतकी लांब, टाचा नितंबांपासून साधारण दीड वीत. डोकं टेकलं की चाळिशीपुढच्या पुष्कळांची हनुवटी छताकडे वळते आणि कपाळ मागे जातं. पाठीला आलेल्या बाकामुळे असं होतं. डोक्याखाली टॉवेलची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची घडी ठेवा आणि कपाळ व हनुवटी एका पातळीत येईपर्यंत ती कमी-जास्त करा. घडी मानेखाली नको, डोक्याच्या मागच्या हाडाखाली हवी. पुढे मानेचं दुखणं येतं त्यातलं बरंचसं या एका घडीने टळतं.

मग श्वास. दुसरा टॉवेल लांब घडी करून छातीच्या खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं समोर हलकेच ओढून धरा. नाकाने श्वास घेताना छत्री उघडावी तशा बरगड्या बाजूंना आणि मागे पसरून टॉवेल ताणला गेला पाहिजे. खांदे कानांकडे चढले तर श्वास वरच्या वर घेतला जातोय. सोडताना ओठ थोडे उघडे ठेवून सावकाश हवा जाऊ द्यायची. घेताना चार मोजले तर सोडताना सहा. डोकं हलकं वाटलं तर श्वास जोराने घेतला जातोय असं समजा. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या, मग पुन्हा करा.

त्यानंतर कंबर. दोन्ही तळहातांच्या टाचा कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर ठेवा आणि बोटांची टोकं खाली मधल्या हाडावर जुळवा. हातांचा त्रिकोण होतो. कंबर जमिनीकडे दाबली की बोटांची टोकं वर येतात, कमान केली की खाली जातात. असं सात-आठ वेळा हळू झुलवून तिन्ही बिंदू एका पातळीत येतील तिथे थांबा. कमरेखाली बोटं सरकतील एवढी पोकळी राहते, ती राहू द्या. कंबर सपाट दाबून ठेवा असं काही ठिकाणी सांगतात. पाय टेकलेले असताना त्याची गरज नसते आणि दाबून धरायच्या नादात नितंब आवळले जातात.

आता पोट. त्या टोकदार हाडांपासून दोन सेंटिमीटर आत आणि किंचित खाली बोटं रुतवा. श्वास सोडता सोडता लघवी रोखून धरतो तसं आतून अलगद वर ओढा आणि बेंबीखालचा भाग जमिनीकडे जाऊ द्या. बोटांखाली कापड हळूच ताणल्यासारखं जाणवलं तर बरोबर. बोटं बाहेर ढकलली गेली तर पोट फुगवून खाली जोर दिला जातोय, आणि तो जोर ओटीपोटाच्या तळावर येतो. प्रसूतीनंतर किंवा रजोनिवृत्तीच्या काळात खोकताना थेंबभर लघवी निसटत असेल, तर ही चूक ती तक्रार वाढवते. ताकद तिसऱ्या हिश्शाएवढीच लावायची. श्वास चालू ठेवून बोलता येत नसेल तर जास्त आवळलं आहे.

एवढ्यावर दोन आठवडे काढावेत, रोज दहा-पंधरा मिनिटं. यात घाम येत नाही, म्हणून लोक उरकून टाकतात. पण पुढच्या प्रत्येक व्यायामात चूक झाली की शोधायची ती याच चार जागी: डोकं, बरगड्या, कंबर, पोट.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येक प्रकार सहा ते आठ वेळा. सहाव्या वेळी आकार बिघडला तर पाचवर थांबायचं, आठ पुरे करायचे नाहीत.

सुरुवात ‘ब्रिज’ने करावी. श्वास सोडत माकडहाड आधी वळवायचं, मग कंबर, मग पाठ, असे मणके खालून वर एकेक सुटे करत उचलायचं आणि खांदे, खुबे, गुडघे एका रेषेत आले की थांबायचं. त्यापेक्षा वर गेलं की बरगड्या पुढे येतात आणि कंबर चेपते. वर एक श्वास घ्या. सोडताना उलट क्रमाने खाली: छातीमागची पाठ आधी, माकडहाड सगळ्यात शेवटी. इथे जमीन शिक्षकाचं काम करते. उतरताना कमरेचे चार-पाच मणके एकदम धप्पकन टेकले तर तेवढा भाग अखंड ठोकळ्यासारखा हलतोय. तो मोकळा करायला अर्ध्याच उंचीवर जा आणि तिथून दुप्पट वेळ लावून खाली या. काही आठवड्यांत टेकण्याचे टप्पे वाढतात, ते पाठीला स्पष्ट जाणवतं.

ब्रिजमध्ये सर्वांत जास्त तक्रार येते ती मांडीच्या मागे गोळा येण्याची. टाचा दूर असल्या की नितंबांचं काम मांडीमागचे स्नायू आपल्याकडे घेतात, आणि आधीच आखडलेले ते स्नायू मग पेटके देतात. गोळा आला की खाली या, पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढा. मग टाचा नितंबांच्या जवळ, वीतभर अंतरावर घ्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी धरा आणि पावलं जागची न हलवता जमीन गुडघ्यांच्या दिशेने दूर ढकलायची आहे अशा जोराने उठा. उचलण्याआधी क्षणभर नितंब जागे करून घेतले तर आणखी सोपं जातं.

दुसरा प्रकार एका वेळी एक पाय उचलण्याचा. दिसायला किरकोळ, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. एका हाताची बोटं कमरेखालच्या पोकळीत ठेवा. श्वास सोडत एक पाऊल उचला, गुडघा खुब्याच्या वर काटकोनात आणा, श्वास घ्या, सोडत खाली ठेवा. बोटांवरचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे. दाब कमी झाला तर कंबर वर उचलली गेली, एकदम वाढला तर पाय उचलायला ओटी (कमरेखालचा, खुब्यांमधला हाडांचा भाग) मागे वळवली गेली. सुरुवातीला पाऊल पूर्ण न उचलता फक्त टाच उचला, दाब टिकला तर चवडा, तोही टिकला तर पूर्ण पाय. खुब्यात ‘टक्’ असा आवाज येतो तो बहुतेकदा स्नायूची दोरी हाडावरून सरकल्याचा असतो. दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. गुडघा थोडा बाहेर वळवून किंवा हालचाल छोटी करून तो जातो. दोन्ही पाय एकत्र हवेत न्यायचे ते चार-सहा आठवड्यांनी, आणि तेही एकामागून एक.

डोकं उचलण्याचा व्यायाम पुष्कळांना त्रास देतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. टॉवेल आडवा न ठेवता उभा, पाठीच्या वरच्या भागापासून डोक्याच्या बाहेरपर्यंत पसरा, त्यावर पडा आणि डोक्यामागचे दोन कोपरे दोन हातांनी धरा. डोक्याचं सगळं वजन टॉवेलच्या झोळीत सोडून द्या. पहिली हालचाल फक्त होकार दिल्यासारखी: हनुवटी किंचित खाली, पण गळ्याशी मुठीएवढी जागा राहिली पाहिजे. मग श्वास सोडत छातीचं मधलं हाड ओटीपोटाकडे सरकू द्या. खांद्याच्या पात्यांची खालची टोकं अजून चटईला लागलेली आहेत इतपतच वर यायचं. नजर मांड्यांवर. छताकडे पाहत उठलं की हनुवटी पुढे जाते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताठ होतात. ते दिसलं की पोटाने काम सोडलं आहे. मान थरथरली तर पाठीच्या वरच्या भागाखाली उशी तिरपी ठेवून निम्मा प्रवास आधीच करून घ्या.

याच वेळी पोटाकडे एक नजर टाका. बेंबीच्या वर-खाली मधोमध कण्यासारखा उंचवटा उभा राहत असेल तर पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधला पडदा ताण पेलत नाहीये. बाळंतपण होऊन कितीही वर्षं झाली असली तरी हे राहू शकतं, आणि पुरुषांतही दिसतं. उंचवटा येणार नाही इतकंच डोकं उचला, किंवा काही महिने हा प्रकार सोडून एक पाय उचलण्यावरच काम करा. हाडं ठिसूळ असलेल्यांनी तो कायमचा गाळावा.

कुशीवरचे व्यायाम सोपे जातात, फसवतातही. गुडघे वाकवून कुशीवर पडा आणि टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडा. गुडघा खूप वर गेला की आनंद होतो, पण ओटी मागे लोळलेली असते. पाठ आणि नितंब भिंतीला टेकवून केलं की हे लगेच कळतं: भिंतीवरचा दाब वाढला म्हणजे लोळलात. गुडघा तेव्हा दहा-पंधरा सेंटिमीटरच उघडतो आणि नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात जळजळ सुरू होते. काम तिथेच व्हायला हवं.

पालथं पडून करायचा प्रकार कोणत्याही दिवशी गाळू नये असं माझं ठाम मत आहे. दिवसभर आपण पुढे वाकलेले असतो आणि पिलाटेसचे बरेच व्हिडिओही पोट आकुंचन करण्यातच वेळ घालवतात. पालथे पडा, कपाळाखाली टॉवेलची घडी ठेवा, तळहात खांद्यांच्या बाजूला टेकवा. ओटीपोटाखालचं हाड जमिनीत रुतवून ठेवा आणि श्वास घेत आधी नाक, मग छाती वर, पाच ते आठ सेंटिमीटर. नजर जमिनीवरच. हातांनी ढकलायचं नाही. तळहात क्षणभर जमिनीपासून सुटे करून पाहा, उंची कमी झाली तर तेवढी हातांची होती. कमरेत चिमटा बसत असेल तर पोटाखाली उशी घ्या आणि मांड्या जड ठेवा. हाडं ठिसूळ असलेल्यांना पाठ मागे नेणारा हा प्रकार, जोर न देता आणि डॉक्टरांची संमती घेऊन, सहसा चालतो.

रांगण्याच्या स्थितीत समोरचा हात आणि विरुद्ध पाय लांबवताना माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर एक पातळ पुस्तक ठेवावं. पडलं तर ओटी फिरली. मनगटं दुखत असतील तर तळव्याच्या टाचेखाली टॉवेलची वळकटी घ्या किंवा कोपरांवर या. गुडघ्यांखाली घोंगडी. पाय लांब करून बसायचे प्रकार करताना पाठ गोल होत असेल तर दहा-पंधरा सेंटिमीटर उंच उशीवर बसा. तरी होत असेल तर गुडघे वाकवा. मांडीमागचे स्नायू आखडलेले असताना पाय सरळ ठेवायचा हट्ट केला की त्याची किंमत कंबर चुकवते.

पहिल्या काही दिवसांनंतर अंग दुखतं ते व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. ते बोथट, पसरलेलं, दोन्ही बाजूंना सारखं असतं. टोकदार कळ, सांध्यात एकाच ठिकाणी चमक, पायात किंवा हातात मुंग्या, व्यायामानंतर वाढत जाणारी कंबरदुखी यांपैकी काही झालं तर तो प्रकार थांबवून डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत हालचाल सोपी वाटू लागते, त्यात स्नायू वाढण्यापेक्षा मेंदूला योग्य स्नायू वापरायची सवय झाल्याचा वाटा मोठा असतो. म्हणूनच एक दिवसाआड थोडं केलेलं आठवड्याला एकदा तासभर केलेल्यापेक्षा जास्त लागू पडतं.

वजन उतरण्यासाठी मात्र हे सुरू करू नका. जमिनीवरच्या पिलाटेसने हृदयाची गती पुरेशी वाढत नाही आणि हाडांवर पुरेसा भारही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. भरभर चालणं चालूच ठेवायचं. वजनं उचलत असाल तर तीही. पिलाटेसमुळे ती उचलताना कंबर जागेवर राहते.

दोन-अडीच महिन्यांनी, हाडं आणि पाठ ठीक असतील तर, ‘रोल अप’कडे वळता येतं, म्हणजे पाय लांब ठेवून पडलेल्या अवस्थेतून मणके एकेक सोडवत बसतं होणं. तो उठण्याच्या बाजूने शिकायचा नाही. गुडघे वाकवून बसा, रबरी पट्टा दोन्ही पावलांभोवती घालून टोकं हातात धरा आणि श्वास सोडत ओटी मागे वळवून अर्ध्यापर्यंत खाली जा. पोट फुगत नसेल, पावलं जमिनीवर राहत असतील, तर पुढच्या वेळी थोडं आणखी. बहुतेकांचं अडतं ते एकाच टप्प्यावर, कंबर चटईला लागायच्या जरा आधी. तिथे पाठ ताठ होते आणि उरलेला भाग एकदम कोसळतो. ब्रिजमधून उतरताना जो भाग ठोकळ्यासारखा टेकत होता तो हाच. अशा वेळी पट्टा आणखी ओढून जोर लावू नका. ब्रिज आणखी दोन आठवडे करा, त्या टप्प्याच्या दोन बोटं वरपर्यंतच जाऊन परत या, आणि उतरण्याची पूर्ण हालचाल धक्का न बसता होऊ लागली की मगच खालून वर उठायचा प्रयत्न करा, तोही आधी पट्ट्याच्या आधाराने.